भावसिंगची पुनव

आखाडा बाळापुरात व्यंकटराव वैद्यांच्या हाताला गुण आहे, असं लोक वीस वर्षं म्हणत आले होते. निजामाच्या अमलातला तो काळ. गावात डॉक्टर नव्हता, त्यामुळे वैद्यांची ओसरी कधी रिकामी नसे. मग लतीफ हकीम आला, वेशीजवळ दुकान मांडून बसला, आणि ओसरीवरची माणसं हळूहळू तिकडे वळली. व्यंकटराव तोंडाने काही बोलत नसत. पण लतीफच्या दारात किती जोडे पडलेत, हे जाता-येता त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

त्यात भावसिंगचं प्रकरण झालं.

भावसिंग तांड्यावरचा तिशीतला गडी. बायको बाळंतपणात गेली आणि त्याला पुनवेचं वेड लागलं. महिनाभर मुकाट नांगर धरायचा. पुनवेला मात्र गुरासारखा हंबरायचा, जवळ जाईल त्याच्या अंगावर धावायचा. घरच्यांनी त्याला खोपटाच्या मेढीला, मधल्या खांबाला, बांधून ठेवलेलं असायचं. व्यंकटरावांनी आठ महिने काढे दिले, डोक्याला ब्राह्मीचं तेल चोळलं. गुण येईना. शेवटी थोरला भाऊ अमरसिंग हकिमाकडे गेला, आणि पुढची पुनव भावसिंगने निवांत झोपून काढली.

बाजारात जो तो लतीफचं नाव घेऊ लागला. व्यंकटरावांना अन्न गोड लागेना.

"एका पुनवेनं काय होतं?" ते बायकोला म्हणाले. "चंद्रानं समुद्र हलतो, तिथं माणसाचं डोकं काय. पुढच्या पुनवेला बघ."

भावसिंग पुन्हा बिघडावा असं आपल्या मनात आहे, हे त्यांना कळत होतं. वैद्याने असं चिंतू नये, हेही कळत होतं. तरी ते तिथी मोजत राहिले.

चैत्राच्या पुनवेला ऊन उतरताच ते तांड्यावर गेले. भावसिंग बैलाच्या शिंगांना तेल लावत होता. "रामराम, वैद्यबुवा," म्हणत त्याने पाणी आणून दिलं. पळसांच्या वर वाटोळा चांद आला. भावसिंगने एकदा वर पाहिलं आणि वैरण टाकायला उठला. व्यंकटराव अमरसिंगजवळ जाऊन बसले.

"औषध काय दिलं रे हकिमानं?" त्यांनी अमरसिंगला विचारलं.

"बडीशेपीवानी वासाच्या पुड्या हायेत. आन् बांधायचं बंद करा म्हनले."

"पण बिघडल्यावरच बांधत होता ना?"

"न्हाई, बुवा. पुनवेच्या दुपारीच बांधायचो, बिघडायच्या आधी. बायको गेली त्या म्हैन्यात पुनवेला हा रडत रडत तिच्या माहेरच्या वाटेनं निघाला व्हता. लोक म्हनले, पुनव लागली. तवापासून बांधून राहिलो."

आठ महिने व्यंकटराव त्या घरी येत होते, ते दिवेलागणीला, ओरडणं सुरू झाल्यावर. भावसिंगच्या मनगटावरच्या वळांना त्यांनीच हळदीचा लेप लावला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते लतीफच्या दुकानात गेले. त्याने जिनाची, मंत्राची काही बढाई मारावी म्हणजे त्याला खोटं पाडता येईल, असं त्यांना वाटत होतं.

"चंद्राचं मला काय ठाऊक, व्यंकटराव," लतीफ म्हणाला. "मी एवढंच पुसलं, रशी आधी का वरडणं आधी? दुपारपासून बांधलं तर मी पन वरडीन."

व्यंकटराव घरी आले. लतीफकडे एखादी दुर्मीळ मुळी असती, तर हेवा सोसला असता. पण त्याने विचारलं होतं ते कुणालाही विचारता आलं असतं.

आषाढात त्यांना कुरुंद्याहून बोलावणं आलं. तिथल्या एका सुनेला पुनवेच्या आदल्या दिवसापासून कोंडून ठेवत. व्यंकटरावांनी आधी दाराची कडी काढायला लावली, मग पुड्या दिल्या. दोन पुनवा शांत गेल्या. लोकांनी त्यांना फेटा बांधला. "हे कसं साधलं, बुवा?" कुणीतरी विचारलं. लतीफचं नाव ओठापर्यंत आलं. "अनुभव," ते म्हणाले.

बातमी बाळापुरात पोचली तेव्हा लतीफ स्वतः ओसरीवर आला.

"लई बरं झालं. बाईची तकलीफ गेली," तो म्हणाला, आणि खरोखरच खूश दिसत होता.

व्यंकटरावांनी घोंगडी टाकली, आत चहाला सांगितलं. खरं ते बोलून टाकावं असं दोनदा मनात आलं. पण लतीफच्या तोंडावरचा तो निर्मळ आनंद त्यांना बघवेना, आणि ते यंदाच्या पावसाविषयी बोलत राहिले.