तळ्याकाठचा दगड

माझी खोलीतली मैत्रीण बरी झाली आणि मला ते बघवेना. ऐकायला वाईट वाटतं, पण आहे ते आहे.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी आम्ही दोघी एकाच माळेचे मणी होतो. दोघींना झोप नाही, दोघींचं वजन घटलेलं, दोघींची नखं कुरतडून कुरतडून रक्ताळलेली. परीक्षा जवळ आली की तिच्या छातीत धडधडायचं, तेव्हा मी तिचा हात धरून बसायचे. माझं पोट बिघडलं की ती हॉस्टेलच्या मेसमधून माझ्यासाठी चहा-बिस्किटं आणायची. ती येईपर्यंत चहा थंड झालेला असायचा, कारण ती सगळंच सावकाश करायची. म्हणून मी तिला गोगलगाय म्हणायचे.

दुसऱ्या वर्षी गोगलगाय रोज सकाळी कॉलेजमागच्या तळ्यावर जायला लागली. तिथे एका चपट्या दगडावर फोनबिन न घेता अर्धा तास नुसती बसून यायची. महिन्याभरात तिची तब्येत सुधारली. उशीला डोकं टेकायचा अवकाश, की घोरणं सुरू! आणि वर मला म्हणते कशी, "अगं, तूपण चल ना. तिथे खंड्या पक्षी येतो. त्याच्याकडे बघत बसलं की डोकं शांत होतं."

"तुझा खंड्या तुलाच लखलाभ," मी म्हटलं.

खंड्याने माझं काही घोडं मारलं नव्हतं. आजारी दोघी पडलो आणि बरी मात्र ही एकटीच झाली, याने माझा जळफळाट होत होता. शेजारच्या पलंगावरचं ते घोरणं मला शिवीसारखं लागायचं.

मग पर्यावरणाच्या बाईंनी एक प्रकल्प दिला. प्रत्येकीने आवारातली एक जागा निवडायची, पंधरा दिवस रोज सकाळी अर्धा तास तिथे बसायचं आणि जे दिसेल ते वहीत तारीखवार लिहायचं. एका जागेवर एकच जण. जागांची यादी फळ्याशेजारी लावली होती. गोगलगाय पिशवीत पेन शोधत होती, तेवढ्यात मी पुढे झाले आणि 'तळ्याकाठचा दगड' यासमोर माझं नाव लिहून टाकलं.

तिने यादी दोनदा वाचली. "छान जागा आहे ती," एवढंच म्हणाली आणि उरलेल्यातली सायकल स्टँडची भिंत घेतली. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दगडावर मला काय मिळालं? बूड गारठलं आणि मुंग्या चावल्या. खंड्या एकदाही फिरकला नाही. पण तिथून, छोट्याशा तळ्यापलीकडे, सायकल स्टँड अगदी समोर दिसायचा. मी वही उघडायचे आणि बघायचे ते तिकडेच.

'दिवस दुसरा. ती भिंतीवरच्या शेवाळाकडे बघून हसते आहे. शेवाळात हसण्यासारखं काय असतं?'

'दिवस पाचवा. सायकली काढणाऱ्यांची गर्दी. तीनदा उठली, तीनदा बसली.'

'दिवस आठवा. नखं कुरतडते आहे.'

'दिवस अकरावा. उशिरा आली. अर्धा तास डोकं गुडघ्यांत.'

'दिवस तेरावा. आली नाही.'

खोलीत ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. घोरणं बंद झालं होतं. रुसली आहे, रुसू दे, असं मी स्वतःला सांगत राहिले.

वह्या तपासून झाल्यावर बाईंनी मला बोलावलं. मी मान खाली घालूनच आत गेले.

"पाणी नाही, पक्षी नाही, झाड नाही," वहीची पानं उलटत त्या म्हणाल्या. "पंधरा दिवस तू एकाच जिवाकडे बघत बसलीस."

"चुकलं, बाई."

"ते सोड. नखं, गुडघे, गैरहजेरी, सगळं टिपलं आहेस. इथे खुर्चीत बसून हे वाचलं तर मला कळतं, की या पोरीचं काहीतरी बिनसलंय. तू तर तिच्या खोलीत राहतेस. तुला नाही कळलं?"

कळलं होतं. आठव्या दिवशीच कळलं होतं. आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं होतं. आता पुन्हा दोघी सारख्या झालो, असं वाटलं होतं. हे बाईंना सांगायला माझी जीभ रेटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिचं पांघरूण ओढलं. "ऊठ, गोगलगायी. चल."

कुठे, असंही तिने विचारलं नाही. दगड एकीपुरताच होता. आम्ही अंग चोरून त्यावर बसलो. तिचे डोळे सुजले होते.

"हा दगड तुझाच होता," मी म्हटलं. "मी मुद्दाम ढापला. तुला झोप लागते, हे मला सहन होत नव्हतं."

ती सावकाश चपलेतला खडा काढत बसली. राग यायलाही हिला वेळ लागतो की काय, असं वाटलं.

"मला वाटलं, तुला माझ्यापेक्षा जास्त गरज आहे," ती शेवटी म्हणाली. "म्हणून मी बोलले नाही. आणि मग इतर वेळीही इकडे आले नाही. म्हटलं, तुझी जागा तुला राहू दे."

मी पाण्याकडे बघत राहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी त्या पाण्याकडे बघत होते. आणि तेवढ्यात समोरच्या वाळक्या फांदीवर तो येऊन बसला. निळाभोर, लांब चोचीचा.

"अगं, आला बघ!" मी कुजबुजले.

तिचं डोकं माझ्या खांद्यावर कलंडलं होतं आणि बाईसाहेब चक्क घोरत होत्या.

मला हेवा वाटला, तो वाटलाच. पण खंड्या उडून गेला, पहिल्या तासाची घंटा झाली, हाताला मुंग्या आल्या, तरी मी खांदा हलवला नाही.