मास्तरणीची हजामत

"हिला झूल कोणी घातली?" असं पुटपुटत सुनेने घोडीच्या छातीवरचा पट्टा सोडला, झूल मागे सरकवली आणि खरारा हातात तसाच धरून ती उभी राहिली. मानेखालचे, छातीवरचे आणि पोटावरचे दाट केस साफ गेले होते. फक्त पाठ आणि पाय शाबूत होते.

ठाणाच्या दाराशी सासरे स्टुलावर बसून केस कापायच्या मशीनच्या पात्यांना तेल लावत होते.

"चूक झाली," ते म्हणाले.

लग्न होऊन आल्यापासून सुनेने त्यांच्या तोंडून हे दोन शब्द ऐकले नव्हते. एकदा त्यांनी चहात साखरेऐवजी मीठ घातलं होतं, तेव्हासुद्धा घशाला बरं असतं म्हणत अख्खा कप संपवला होता.

"बाबा, चूक कशी होईल? भादरायची होती ती चारही घोडी तांबडी आहेत. ही पांढरी आहे."

"उजेड कमी होता."

सुनेने वरच्या मोठ्या, लख्ख उजेडाच्या खिडकीकडे बघितलं.

हिवाळा तोंडावर आला की पागेतली कामं ठरलेली. जंताचं औषध, लस, खुरांची छाटणी, दातांच्या वाढलेल्या कडा घासून घेणं. जी घोडी रोज शिकाऊ मुलांना घेऊन धावतात त्यांना घाम फार येतो आणि दाट केसांत तो लवकर वाळत नाही, म्हणून त्यांना भादरून अंगावर झूल चढवायची. जी उघड्यावर राहणार, त्यांच्या मात्र एका केसालाही हात लावायचा नाही, कारण थंडीपावसात तेच त्यांचं पांघरूण. आणि ही घोडी उघड्यावर जाणार होती. कुरणवाला आजच तिला न्यायला येणार होता.

तिला सगळे मास्तरीण म्हणत. आसपासच्या निम्म्या लोकांनी लहानपणी तिच्या पाठीवरच घोड्यावर बसायला शिकून घेतलं होतं, आणि कितीही रडकं पोर असलं तरी तिने कधी कोणाला पाडलं नव्हतं. आता तिच्या दाढा झिजल्या होत्या, गवत चावायला तिला दुप्पट वेळ लागे, आणि पोरांना घेऊन फेऱ्या मारणं तर बंदच झालं होतं. पागेत घोडी बांधायची ठाणं पाचच. तरणा घोडा आणायचा तर एक मोकळं करायला हवं होतं. कुरण चांगलं होतं, आडोशाला छप्पर होतं, सोबतीला तिच्याच वयाची दोन घोडी होती. सुनेने हे सगळं स्वतःला पुष्कळदा समजावून सांगितलं होतं. नवऱ्याने नेहमीप्रमाणे "तू आणि बाबा काय ते बघा" म्हणून अंग काढून घेतलं होतं.

बाबा काही बघणार नव्हते. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी किल्ल्या सुनेच्या हातात ठेवल्या होत्या आणि सांगितलं होतं, "आजपासून पागा तुझी. मी नाक खुपसणार नाही." हा शब्द त्यांनी इतका काटेकोर पाळला की कधीकधी सुनेला वाटे, यांनी एकदा तरी ओरडावं. मास्तरणीला पाठवायचं ठरलं तेव्हाही ते "पागा तुझी" एवढंच म्हणाले आणि अर्धं ताट टाकून उठले. सुनेने ते ताट पाहिलं होतं. पण माणूस तोंडाने बोलत नाही तोवर आपण तरी किती ओळखायचं, असं म्हणून तिने ते उचलून ठेवलं होतं.

आज मात्र तिचं डोकं फिरलं. नव्या घोड्याच्या मालकाला शब्द दिलेला, शिकायला येणाऱ्या मुलांना सांगून झालेलं. पाठवायची नव्हती तर सरळ सांगायचं होतं, हे तिच्या अगदी ओठांवर आलं, तेवढ्यात अंगणात कुरणवाल्याची गाडी वाजली.

कुरणवाला मोकळाढाकळा माणूस. आत आला, घोडीकडे बघून त्याने डोक्यावरची टोपी मागे सारली.

"अरे देवा! हिची हजामत कोणी केली?"

"माझी चूक," सासरे घाईघाईने म्हणाले. "डोळ्यांना दिसत नाही आता. हिला या थंडीत बाहेर ठेवता यायचं नाही. तुम्हाला उगाच हेलपाटा पडला."

एका दमात ते एवढं बोललेलं सुनेने किती दिवसांत ऐकलं नव्हतं. कुरणवाल्याने मात्र घोडीच्या पाठीवरून, कमरेवरून हात फिरवला, केसांत बोटं घालून पाहिली.

"पाठ आहे की शाबूत! पाठ झाकलेली असली की निम्मी काळजी मिटली. ही झूल द्या बरोबर, मी घेतो सांभाळून."

सासऱ्यांचा तेलाचा बोळा थांबला.

सुनेने पाठीकडे बघितलं. कापलेल्या आणि न कापलेल्या केसांमधली रेघ खांद्यापासून मांडीपर्यंत सरळ गेली होती. पोटाशी हात नेला की ही घोडी अंग चोरते. तिथे सगळं इतकं नीट कापायला म्हाताऱ्याला काल दुपारभर गुडघ्यांवर बसावं लागलं असणार. आणि तरी पाठ सोडली होती. त्यांच्या स्वतःच्या कमरेला स्वेटरवरून लोकरीची पट्टी बांधलेली होती. थंडी पहिल्यांदा कुठे भरते ते त्यांना ठाऊक होतं, आणि खोटी चूक करतानासुद्धा त्यांच्याने तिथे मशीन चालववलं नव्हतं.

सुनेचा राग कुठल्या कुठे गेला. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"काढू का बाहेर?" कुरणवाल्याने घोडीची दोरी सोडली होती.

"बाबा," सून म्हणाली, "नेऊ दे त्यांना?"

सासऱ्यांनी मान वर केली नाही. "पागा तुझी," ते म्हणाले.

सुनेने त्यांच्या हातातून मशीन काढून घेतलं. बटण दाबलं. ते मास्तरणीच्या खांद्यावर टेकवलं आणि थेट शेपटीच्या मुळापर्यंत नेलं. पांढऱ्या केसांचा लांब पट्टा घरंगळत तिच्या बुटांवर पडला.

"एवढं राहूनच गेलं होतं," ती म्हणाली. "आमच्याकडे अर्धवट काम ठेवत नाहीत."

"अहो वहिनी, आता कसली नेतोय मी हिला!"

"तेच म्हणते मी. राहू दे तिला इथेच. त्या नव्या घोड्याच्या मालकांनाही दुपारी जाऊन सांगते मी. चहा घेऊन जा."

कुरणवाला एकदा तिच्याकडे, एकदा म्हाताऱ्याकडे बघत राहिला. सासरे भिंतीचा आधार घेऊन उठले, दोन पावलं पुढे आले आणि त्यांनी त्याच्या हातातली दोरी आपल्या हातात घेतली.

"हात हलका ठेव," ते सुनेला म्हणाले. "तिथे हाड लागतं तिला. आणि इतक्या घाईने ओढू नकोस, पातं तापतं. कोणी शिकवलं तुला असं?"

"कोणी नाही," सून म्हणाली, आणि दुसरा पट्टा काढायला तिने हात हलका केला.