तिसऱ्या ओळीतला श्वास

शनिवारी संध्याकाळी साडेसहाला चर्चमधला गाण्याचा सराव बंद पडला. बंद पाडला तो गीत लिहिणाऱ्यानेच.

"ही चाल लंगडते," घड्याळजी म्हणाले. "तिसऱ्या ओळीत दोनदा थांबते. ठोका चुकणारं घड्याळ मी कधी गिऱ्हाइकाच्या हातात दिलं नाही."

ऑर्गनवर त्यांची सून होती. चाल तिचीच. पियानोच्या शिकवण्या आटोपल्यावर रोज थोडी थोडी करत तिने ती बांधली होती.

गीत उपकारस्तुतीचं. फुप्फुसाचा एक तुकडा काढल्यानंतर घड्याळजींनी ते इस्पितळात पडल्या पडल्या लिहिलं. त्यात सिंहासनं नाहीत, देवदूत नाहीत. तिसरी ओळ अशी आहे: 'खिडकीत उजेड, भांड्यांचा आवाज, हाक मारणारी माणसं दिलीस.' रविवारच्या उपासनेत पहिलं कडवं त्यांनी एकट्याने म्हणायचं आणि पुढे मंडळीने उचलायचं, असं ठरलं होतं. आजारपणानंतर ते पहिल्यांदाच गाणार होते.

"जुन्या चालीवर घ्या," ते म्हणाले. "मापात बसतं. मी बोटांवर मोजून लिहिलंय."

यात गैर काही नव्हतं. माप जुळलं की एका गीताचे शब्द दुसऱ्या गीताच्या चालीवर म्हणायचे, हा चर्चमधला जुना रिवाज.

"बाबा, माझी एकदा पूर्ण तरी—"

"जुनी. नाहीतर उद्या मी बाकावर बसून ऐकेन. तुम्ही गा."

मागच्या रांगेतून सासूबाई म्हणाल्या, "वाजव बाई. हौस फिटू दे एकदाची."

सुनेने जुनी चाल धरली. घड्याळजींचा आवाज अजून चांगला होता. पहिल्या दोन ओळी स्वच्छ गेल्या. तिसरीत 'आवाज' आला, 'माणसं' आलं, 'दिलीस' आलंच नाही. त्यांनी समोरच्या बाकाची पाठ धरली. सगळे आपापल्या कागदात बघू लागले. सुनेने हात उचलले नाहीत. पुढचे सूर मात्र ती अगदी हळू वाजवत राहिली.

दम परतल्यावर ते म्हणाले, "पाणी प्यायचं राहिलं होतं."

"पाण्याला कशाला बोल लावता?" सासूबाई पुढे आल्या. "उजेडानंतर एक थांबा, आवाजानंतर एक. ते तुमच्यासाठी आहेत. जेवताना बोलता बोलता तुम्ही कुठे थांबता, ते ऐकून तिने चाल बांधलीय."

"आई!" सून म्हणाली.

"आई काय? त्यांना न सांगता कळेल होय? बायको चिडलीय हे कळायला यांना दोन दिवस लागतात."

घड्याळजींनी चष्मा पुसला. "म्हणजे मी आमटी कशी झालीय विचारतोय, आणि ही माझे श्वास मोजतेय."

"मोजले नाहीत, बाबा. नुसते ऐकले."

"आणि आता सगळ्या मंडळीने माझ्यापायी थांबायचं?"

"हो," सून म्हणाली. "सगळेच थांबतील. मग तुम्ही थांबलात असं कुणाला वाटणारच नाही."

घड्याळजींनी मघाशीच तिच्या कागदावरचे दोन्ही थांबे पेन्सिलीने खोडले होते. तो कागद त्यांनी घडी घालून कोटाच्या खिशात टाकला आणि ते बाहेर पडले.

पाळकांनी सुनेला विचारलं, "उद्या एकट्याच्या कडव्याचं काय करायचं?"

"आहे तसंच ठेवा," ती म्हणाली.

घरी जेवताना कुणी विषय काढला नाही. घड्याळजी नेहमीपेक्षा कमी बोलले. "आता ऐकतेस का?" असं त्यांनी एकदा विचारलं, आणि सून हसली.

रविवारी सकाळी कोट खुंटीवर होता, खिसा रिकामा. टेबलावर घड्याळजींचं खोडरबर पडलेलं होतं. ते स्वतः न्हाणीघरात होते, दार आतून लावलेलं. ते गात होते, याबद्दल सासू आणि सून दोघींचं एकमत आहे. पण नळ सोडलेला होता, त्यामुळे चाल कोणती ते बाहेर ऐकू आलं नाही.