ओल्या निळ्यावर पिवळा

चित्रकलेचा ऑनलाइन वर्ग म्हणजे पडद्यावरचे पंधरा चौकोन, त्यातले बारा पेंगत असतात. त्यांना जागं ठेवायला मी दर शनिवारी रस्त्यावरच्या एखाद्या चित्रावर वाद लावते: ही कला की भिंतीची नासाडी? कोणी कुठली बाजू घ्यायची ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. या शनिवारी मला नसती खुमखुमी आली आणि मी पोलीस ठाण्याच्या भिंतीवरचं चित्र निवडलं. खुर्चीत घोरणारा शिपाई, अंगावर पिवळं पांघरूण. सकाळी दिसलं, तासाभरात त्यावर चुना फासला गेला. माझ्याकडचा फोटोही कमरेपर्यंतचाच. रंगवणारा सापडला नव्हता, म्हणून रंगाच्या दुकानदाराला दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवलं होतं.

शिवणकाम करणाऱ्या बाईंची सतरा वर्षांची मुलगी वर्गात सगळ्यांत गप्प. तिच्या वाट्याला 'नासाडी' आली.

"काम कच्चं आहे," ती म्हणाली. "खालचा निळा ओला असतानाच पिवळा मारलाय, म्हणून गुडघ्यापाशी हिरवट झालंय. पिंपावर उभं राहून हात पोचत नाही, त्यामुळे टोपीची रेघ..."

फोटोत ना गुडघे होते, ना पिंप. आणि वरच्या चौकोनात, लेकाच्या खांद्यामागे, त्याच ठाण्याचे फौजदार चहा पीत ऐकत होते.

पुढच्या महिन्यात तिची कलाशाळेची प्रवेशपरीक्षा. ठाण्यात एकदा नाव चढलं की तिला दारातही उभं करणार नाहीत. मी मुळात घाबरट, झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढणारी. तरी बटण सापडलं. मी तिचा आवाज बंद केला.

"बरं, पुढे कोण बोलतंय?" मी विचारलं.

फौजदारांनी कप खाली ठेवला. "मॅडम, चांगली बोलत होती की. आवाज का बंद केलात?"

"नेट... तिचं नेट अडकतंय."

"अडकतंय कुठं? हलतेय ना ती."

तोवर त्यांचं लक्ष अर्धं चहात होतं. झाकायला गेले मी, आणि बोट मीच दाखवलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. माझी भीती तिला सगळी वाचता आली असणार. मी हळूच मान हलवून नको, नको म्हणत राहिले.

तिनं आपला आवाज स्वतःच सुरू केला.

"विचारा, काका," ती म्हणाली.