लाल फडकं

शहरातल्या इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी जिथे धुतल्या जात, त्या लाँड्रीत दुपार झाली की सगळंच अंधुक होई. ड्रमांमधून वाफ निघे, छपराच्या काचेतून ऊन खाली उतरे, आणि त्या वाफेतून आधी कुणाचा तरी हात दिसे, मग खांदा, मग अख्खा माणूस. मिस्त्रीला ही वेळ फार आवडायची. मशिनं एका लयीत घुमत असली की त्याला वाटे, आपण कामावर नाहीच. कुणीतरी आपल्याला झोपाळ्यावर बसवून हलके झोके देतंय.

मिस्त्री म्हणजे तिथली मशिनं दुरुस्त करणारा. त्याला स्वतःचं नाव होतं, पण बायको सोडली तर ते कुणाच्या लक्षात नव्हतं, आणि बायको काही ते घ्यायची नाही. एखादं मशीन कुरकुरलं की तो ते थांबवी, कमरेचं लाल फडकं काढून त्याच्या दांड्याला बांधी, शेजारी स्टूल ओढी आणि चालवणाऱ्याला विचारी, आवाज कधीपासून येतोय? सतत येतो, की लोड आल्यावर? थांबवलं की थांबतो? लाल फडक्याचा नियम कडक होता. ते बांधलेल्या मशिनाला कुणीही हात लावायचा नाही, आणि ज्याने बांधलं त्यानेच सोडायचं, तेही दुरुस्ती झाल्यावर. मालकाने एकदा घाईघाईत फडकं सोडलं, तेव्हा मिस्त्रीने त्याची सगळ्यांदेखत अशी काही हजेरी घेतली, की बिचारा कितीतरी दिवस केबिनच्या बाहेर फिरकला नाही.

अशा या माणसाच्या स्वतःच्या छातीत गेले काही महिने कुरकुर चालू होती, आणि तिच्याकडे मात्र त्याचा काणाडोळा. बॉयलरकडचा लोखंडी जिना चढला की छातीवर ओल्या चादरींचं गाठोडं ठेवल्यासारखं जड होई, डावा हात खांद्यापासून भरून येई. "ॲसिडिटी," तो म्हणे. पुरुषांना होणाऱ्या निम्म्या आजारांचं हेच नाव असतं. बायको रोज डॉक्टरचं टुमणं लावी, तो रोज "हो, जातो" म्हणे आणि डबा उचलून बाहेर पडे. शेवटी तिने आपल्या धाकट्या भावाला नवऱ्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. तो तिथेच मोठ्या रोलर इस्त्रीवर होता. पण मेव्हणाच तो, लक्ष कमी ठेवी आणि चेष्टा जास्त करी.

झोपही उडाली होती. तिचं कारण मात्र मिस्त्रीला पक्कं ठाऊक होतं. कारण नाना.

नाना चादरींच्या घड्या घालायचे. गेल्या हिवाळ्यात एके दुपारी "जरा पाठ टेकतो" म्हणून ते धुतलेल्या चादरींच्या ढिगावर आडवे झाले. कधी खाली न बसणारा म्हातारा पडलाय, याचं सगळ्यांना कौतुक वाटलं. पैलवान, म्हणजे ड्रम भरणारा आडदांड गडी, चवड्यांवर चालायला लागला. मेव्हण्याने शीळ बंद केली. मिस्त्रीने ड्रायरमधली गरमागरम चादर काढून नानांच्या अंगावर घातली. थोड्या वेळाने त्याने चादरीखाली त्यांचा हात चाचपला, तो उबदार लागला. झोपू द्या म्हाताऱ्याला, अशी त्याने सगळ्यांना खूण केली. मग सुटी होईपर्यंत सगळी लाँड्री चोरपावलांनी वावरली. उठवायला गेले तेव्हा कळलं, नाना केव्हाच गेले होते.

हाताला लागलेली ऊब चादरीची होती. हे मिस्त्रीने कुणालाही सांगितलं नव्हतं. तेव्हापासून अंथरुणाला पाठ लागली की त्याचे डोळे टक्क उघडत, आणि छताकडे बघत तो आपलाच हात आपल्या हातात धरून पडे.

त्या दिवशी दुपारी रोलर कुरकुरत होता. मिस्त्री फडकं काढून तिकडे निघाला. वाफ नेहमीपेक्षा दाट होती, निदान त्याला तसं वाटलं. त्या वाफेत नाना उभे होते. हातात ओली पांढरी चादर, दोन टोकं त्यांच्याकडे, दोन पुढे केलेली. मोठी चादर एकट्याने घडी होत नाही, तिला समोर माणूस लागतं. मिस्त्रीने मुकाट्याने टोकं धरली. नाना मागे सरले तसा तो मागे सरला, नाना पुढे आले तसा पुढे. चादर लांबतच गेली, दाराबाहेर, रस्त्यापर्यंत, आणि तिच्या त्या टोकाला नाना एवढेएवढेसे होत गेले. किती शांत होतं तिथे! मशिनांचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. आता गाठ मारायची, एवढंच त्याला आठवलं, आणि त्याने मारली.

"मिस्त्रीच बंद पडले!" पैलवान ओरडला.

मिस्त्रीने दचकून पाहिलं. रोलर घरघरत फिरतच होता, आणि लाल फडकं त्याच्या स्वतःच्या डाव्या मनगटाला बांधलेलं होतं. गाठही पक्की, नेहमीची, दातांनी ओढलेली.

हशा पिकला. मेव्हणा रोलर थांबवून आला. "भाऊजी, हे काय? ताईने बांधून पाठवलंय का?"

"गप रे," मिस्त्री हसत म्हणाला आणि पाना उचलायला वाकला.

"पाना खाली! लाल फडकं आहे. नियम म्हणजे नियम." मेव्हण्याला भलताच चेव चढला होता. त्याने स्टूल ओढलं, मिस्त्रीला त्यावर बसवलं, दुसरं स्टूल ओढून समोर बसला आणि मिस्त्रीसारख्याच भुवया आक्रसून विचारलं, "हं. आवाज कधीपासून येतोय?"

मिस्त्रीचा उजवा हात गाठीवर गेला. एक झटका, की फडकं सुटलं असतं, चार शिव्या हासडून तो उठला असता, आणि सगळे आपापल्या कामाला लागले असते. पण प्रश्न त्याचाच होता. इतकी वर्षं त्याने तो लोखंडाला विचारला होता, आणि लोखंड कधी खोटं बोललं नव्हतं.

"नाना गेल्यापासून," तो म्हणाला.

हसणं विरलं. मेव्हण्याच्या भुवया सरळ झाल्या, पण प्रश्न त्याने सोडले नाहीत. "सतत येतो, की लोड आल्यावर?"

"जिना चढलो की."

"थांबलं की थांबतो?"

"थांबायचा." मिस्त्रीने छातीवर हात ठेवला. कपाळ घामाने भिजलं होतं. "आज थांबत नाहीये."

मग कुणी काही विचारलं नाही, तरी तो बोलत राहिला. "त्या दिवशी नानांचा हात धरला होता मी. गरम लागला. चादर गरम होती रे ती. मीच सांगितलं, झोपू द्या." आणि तो सगळ्यांसमोर रडला. ज्याला रागावताना पाहिलं होतं, त्याला रडताना कसं पाहायचं हे कुणालाच कळेना.

"मी तर चवड्यांवर चाललो, मिस्त्री," पैलवान म्हणाला. "अजून घरी चालताना पाय वाजला नाही की धस्स होतं."

"काय तमाशा चाललाय?" म्हणत मालक केबिनमधून बाहेर आला. त्याने मिस्त्रीचा चेहरा पाहिला, मनगट पाहिलं, आणि गाडीची चावी आणायला धावला.

तेवढ्या वेळात मिस्त्रीला फार गोड वाटायला लागलं. मागे चादरींचा ढीग होता, मऊ, पांढरा. त्याने डोळे मिटले. "जरा पाठ टेकतो," तो पुटपुटला.

"नाही!" सगळी लाँड्री एकदम ओरडली. पैलवानाने बादली उचलून ड्रमावर दणादण आपटायला सुरुवात केली. मेव्हणा गालावर थापट्या मारत राहिला. "भाऊजी, इकडे बघा! ताई माझं कातडं सोलेल! बघा इकडे!" नानांच्या वेळी चोरपावलांनी वावरलेली माणसं आता गळा फाडून ओरडत होती, आणि त्या गोंगाटात मिस्त्रीला डोळे मिटणं शक्यच नव्हतं.

इस्पितळात नर्स फडकं कापायला निघाली, तेव्हा मेव्हणा आडवा आला. "ते नाही सोडायचं. ज्याने बांधलं तोच सोडेल." ती चकित होऊन दुसऱ्या हाताकडे वळली. मिस्त्रीच्या पाठीखाली त्यांच्याच लाँड्रीतली चादर होती. साबणाच्या वासावरून त्याने ओळखली, आणि त्याला खूप दिवसांनी सुरक्षित वाटलं.

बंद झालेली रक्तवाहिनी उघडली. आणखी ताणलं असतं तर हाती लागला नसता, असं डॉक्टरांनी बायकोला सांगितलं. ती त्याच्याजवळ आली, बराच वेळ मनगटाच्या गाठीकडे पाहत राहिली. "अहो, रोज 'जातो' म्हणायचात," एवढंच ती बोलली, आणि तोंडाला पदर लावून खिडकीकडे वळली. झोपेसाठी त्याला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडेही जावं लागलं. तिथे फक्त बोलायचं असे. छातीपेक्षा ते अवघड गेलं, कारण तिथे पान्याने काही उघडत नव्हतं. तरी तो जात राहिला.

कामावर परतला त्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर गाठ सोडली. फडकं धुऊन दाराजवळच्या खुंटीवर टांगलं. "हे माणसांसाठी," तो म्हणाला. "मशिनांचं वेगळं आहे माझ्याकडे."

दुपारी जेवणाच्या सुटीत तो चादरींच्या ढिगावर आडवा झाला. ऊन वाफेतून खाली झिरपत होतं. नाना आले, आणि या वेळी चादर त्यांनी एकट्यानेच घडी केली. मिस्त्रीचा श्वास संथ झाला. इतकी गाढ झोप त्याला कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

कुणीतरी खांदा गदागदा हलवला. त्याने डोळे उघडले. पैलवान, मेव्हणा, आणि त्यांच्या मागे टाचा उंचावून पाहणारा मालक.

"काय रे?"

"काही नाही," पैलवान म्हणाला. "झोपलात ना?"

"झोपलोय."

"बरं. मग झोपा."

आणि तिघेही मुद्दाम पाय आपटत निघून गेले.