बाबल्याने सांगितलेली नावं

पूर्णगडचा बाबल्या बाराव्या वर्षी गलबतावर चढला आणि पुढे वीस वर्षं आगबोटींवर खलाशी होता. बंदराबंदरांतून फिरून मोडकंतोडकं इंग्रजी त्याच्या जिभेवर बसलं होतं. म्हणून १९२८ सालच्या पौषात, मुंबईच्या कॉलेजात वर्षभरासाठी शिकायला आलेला एक जर्मन विद्यार्थी झाडं बघायला रत्नागिरीत उतरला, तेव्हा वाटाड्या म्हणून लोकांनी बाबल्याकडेच बोट दाखवलं. विद्यार्थ्याचं नाव एमिल. वय तेवीस, उन्हाने नाक सोललेलं, हातात जाडजूड वही.

"इथलं रान ठाऊक आहे ना?" एमिलने विचारलं.

"सगळं," बाबल्या म्हणाला.

झाड कापून त्याची फळी झाली की ती कशाची हे बाबल्या नुसत्या वासावरून सांगे. पानाफांद्यांसकट उभं झाड मात्र त्याला परकं. पण मुचकुंदीच्या खाडीने वर गेलं की रानाच्या कडेला त्याची सासुरवाडी होती. सासू सोनूबाई झाडपाल्याची औषधं द्यायची. तिच्याकडेच उतरायचं आणि हळूच नावं विचारून घ्यायची, असा त्याचा बेत होता.

होडी लागली तेव्हा सोनूबाई घरी नव्हती. डोंगरापलीकडच्या गावात एका बाळंतिणीपाशी गेली होती. तीन दिवसांनी येणार, असं शेजाऱ्यांनी सांगितलं.

पहिल्या दिवशी आंबा, फणस, साग अशी सहा नावं बाबल्याने खरी सांगितली. मग रान दाट झालं आणि तो अडकला. एमिल वही उघडून उभा. बाबल्याने एका उंच झाडाला 'परभाणी' म्हणून टाकलं. गलबताच्या शिडाच्या आडव्या काठीला परभाण म्हणतात, तेच तोंडात आलं. एका वेलीला शिडाच्या दामण नावाच्या दोरावरून 'दामणवेल' केलं. एमिल प्रत्येक नाव दोनदा घोळवी, लिहून घेई आणि कागदात पान दाबून ठेवी. बाबल्याला आधी हसू आलं. दुसऱ्या दिवशी येईनासं झालं.

"काल या झाडाचं नाव तू वेगळं सांगितलंस," एमिल म्हणाला.

"लहानपणी एक, मोठेपणी दुसरं."

एमिलने तेही लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका काटेरी झुडपाला पिवळी फळं दिसली, लहान पेरूसारखी. हे खातात का, असं एमिलने विचारलं. बाबल्या दमला होता. हो म्हणाला. एमिलने दोन फळं खाल्ली, आणि थोड्याच वेळात दगडाला धरून ओकायला लागला. पोट रिकामं झालं तरी ते थांबेना. चेहरा कागदासारखा पांढरा पडला. बाबल्याने त्याला पाठुंगळी घेतलं आणि कोस दीड कोस तसाच धावत खाली आणलं.

सोनूबाई नुकतीच परतली होती. तिने एमिलच्या खिशात राहिलेलं फळ पाहिलं.

"गेळ हाय ह्यो. घाबरू नका, मानूस मरत नाय यानं. पोटातलं भाईर काढायलाच देतो आमी." तिने पेजेचं पाणी मीठ घालून चमच्याने पाजलं. मग विचारलं, "पण खायाला दिलान कोनी?"

"मी," बाबल्या म्हणाला.

सोनूबाईने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढचा चमचा भरला. जावई होता.

दिवेलागणीला एमिल उठून बसला. पहिला प्रश्न त्याने फळाच्या नावाचा केला आणि उशाजवळची वही ओढली. बाबल्याने त्या वहीवर हात ठेवला.

"साहेब, यातली नावं खोटी आहेत."

"किती?"

"पहिली सहा खरी."

एमिलने वही मिटली आणि भिंतीकडे तोंड करून निजला. जहाजावर खलाशांचा मुकादम, सारंग, शिव्या घालायचा, ते सोपं होतं, असं बाबल्याला वाटलं.

सकाळी एमिलने दाबलेली पानं ओटीवर मांडली. सोनूबाई एकेक पान उचलून बघे, कडेला नखाने चुरडून हुंगे आणि नाव सांगे. एमिल जुनं नाव खोडून नवं लिही.

"ही उक्षी. ह्यो कुंभा. ह्यो किंजळ."

"किंजळ?" बाबल्याने ते पान हातात घेतलं. हीच 'परभाणी'. गलबताच्या किंजळी फळ्यांवरच तो लहानाचा मोठा झाला होता.

एका पानापाशी सोनूबाई थांबली. उलटसुलट करून पाहिलं. "ह्ये मला नाय ठाव," ती म्हणाली आणि पुढचं उचललं.

एमिलने बाबल्याकडे पाहिलं. "काय म्हणाली?"

"तिला माहीत नाही."

एमिलने जागा कोरी सोडली.

पुढचे पाच दिवस सोनूबाई पुढे, एमिल मागे आणि कागदांचं ओझं घेऊन बाबल्या सगळ्यांत शेवटी, असे ते रानात हिंडले. एमिल त्याच्याशी कामापुरतं बोले. एकदाही आवाज चढवला नाही. सोनूबाईचं बोलणं बाबल्या शब्दाला शब्द पोचवी. ती झाडाशी जो मंत्र पुटपुटे, तोही. निघताना एमिलने सोनूबाईला हात जोडले, बाबल्याला मान हलवली आणि आगबोटीने मुंबईला गेला.

बाबल्या पूर्णगडला घरी पोचला तेव्हा त्याची बायको सगुणा अंगणात मासे वाळत घालत होती.

"कसा होता सायेब?" तिने विचारलं.

"चांगला होता. मधी आजारी पडला."

"कशान?"

"माझ्यामुळं," बाबल्या म्हणाला, आणि पाय धुवायला विहिरीकडे गेला.