गुरम्माची माती

भागवत आला तेव्हा पाळकसाहेब माझ्या स्वयंपाकघरात बसून भाकरी मोडत होते. त्यांचं जेवण माझ्याकडेच असतं. लग्न झालेलं नाही, स्वतःच्या हातची कच्ची खिचडी खाऊन पोट बिघडवून घेतलेलं, आणि मी निवृत्त नर्स चर्चच्या समोरच राहणारी. मग दुसरं काय होणार. आल्या दिवशीच मी त्यांना बजावलं होतं, की उपदेश तिकडे करायचा, इथे गुपचूप जेवायचं.

भागवत आमच्या गावचा सरपंच. एरवी माझ्या घरी आला की पहिल्यांदा चहा मागणारा माणूस, पण त्या दिवशी उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"माय आता काई उठत न्हाई, पाळकसाहेब," तो म्हणाला. "लातूरच्या डॉक्टरनं घरी न्या म्हनलं. म्हून आदीच सांगाया आलोय. ती गेल्यावर तुमी येऊ नका."

मग बाकीचंही त्याने खाली बघत सांगून टाकलं. घंटा नको, शवपेटी नको, गाणी नकोत. माती समाजाच्या रिवाजाने होईल, गावच्या स्मशानात. चर्चच्या कब्रस्तानात नाही.

ह्यातलं काय कुणाला समजलं नसेल तर सांगते. आमच्या ह्या रेणापूरच्या पट्ट्यात चर्चमधली निम्मी माणसं चर्चमध्ये एक असतात आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरी. कायदाच तसा आहे. ख्रिस्ती झालं की अनुसूचित जातीची सवलत गेली. जात मात्र कुठे जात नाही, गावात पाणी वरूनच ओततात. तर भागवतचा बाप्तिस्मा ह्याच चर्चमध्ये झालेला, आणि कागदावर तो हिंदू मांग. त्या राखीव जागेवर तो सरपंच झाला. शेषेरावाचं पॅनल पडलं, आणि शेषेरावाने तहसीलला तक्रार टाकली की हा माणूस ख्रिस्ती आहे. पुरावा काही मिळत नव्हता. तेवढ्यात भागवतची आई, गुरम्मा, मरायला टेकली.

आणि एकट्या भागवतचं असतं तर मी म्हटलं असतं, गेलं खड्ड्यात ते सरपंचपद. पण त्याची पोरगी पुनम नांदेडला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, त्याच दाखल्यावर. बापाचं गेलं की लेकीचंही जाणार. पुनमला नर्सिंगला जा म्हणून मागे लागणारी मीच.

पाळकसाहेबांनी ताट बाजूला सारलं. म्हणाले, "भागवतभाऊ, तुमच्या आईनं मला काय सांगितलंय, तुम्हाला माहीत आहे."

"हाव, माहीत हाय. ती मरून जाईल. आमाला हितंच राहायचंय."

पाळकसाहेब नाही म्हणाले. शांतपणे, पण स्वच्छ शब्दांत. मरणाऱ्याला दिलेला शब्द मोडता येणार नाही, असं काहीसं बोलले. भागवत उंबऱ्यावरूनच परत गेला. मला दोघांचाही राग आला. भाकरी तशीच राहिली, ती मी संध्याकाळी कुत्र्याला घातली.

गुरम्मा मूळची बिदरकडची. चंद्रप्पाशी लग्न करून आली तेव्हा तिला मराठी यायचं नाही, म्हणून प्रार्थना कानडीत करायची. पुढे मराठी आली तरी प्रार्थना कानडीतच राहिली. देवाला एकदा सवय लागली, आता त्याला कशाला त्रास द्यायचा, म्हणायची. चंद्रप्पा गेल्यावर ती आणि साखराबाई, ह्या दोन विधवांनी चर्च धरून ठेवलं. झाडायचं, चटया घालायच्या, आणि कोणी गेलं की घंटा वाजवायची. आमच्याकडे मरणाची घंटा वेगळी असते. एक ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. तो ऐकला की शेतातला माणूससुद्धा उभा राहून विचारतो, कोण गेलं. दोरी एकीने ओढायची आणि दुसरीने शेजारी उभं राहायचं, अशी त्यांची वाटणी होती.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांबरोबर मीही गुरम्माकडे गेले. वाटेत ते बोलत होते. वय कोवळं, बाप अर्धापूरला ट्रकमध्ये केळीचे घड भरणारा, त्यामुळे पोराला कष्टाचं भय नव्हतं. भय होतं ते रिकाम्या बाकांचं. म्हणाले, "मावशी, मला शिकवलं होतं की मंडळी म्हणजे कळप. इथे कळप कुठला ते मला कळून नाही राहिलं. तरणी पोरं लातूरला जातात, त्या हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये. तिथल्या प्रार्थनेला ड्रम आहे, अंगात आत्मा आला म्हणून पडणं-उठणं आहे, नाव कोणी विचारत नाही. इथे नवीन येतात ते मागे बसतात, प्रभुभोजनाची भाकर वाटायला लागलो की उठून जातात. फोटोला भितात म्हणून मी दारात मोबाईल काढून घेतो. देवाच्या घरात मी पहारेकरी झालोय."

मी म्हटलं, "उरलो आम्ही म्हातारे. आम्हाला पुरायला तरी तुम्ही आहात ना."

"हो," ते म्हणाले, "तेवढं एक काम मला नीट येतं असं वाटतं."

ते हसले नाहीत. मी थट्टेत म्हटलेलं, त्यांनी मनावर घेतलं.

गुरम्मा बाजेवर अगदी चिपाड होऊन पडली होती. उशाशी साखराबाई तिच्या ओठांना ओला बोळा लावत होती. पाळकसाहेबांचा आवाज ऐकून गुरम्माने डोळे उघडले आणि त्यांचा हात धरला. मी इतकी वर्षं माणसं मरताना बघितली, हाताला एवढी ताकद शेवटी क्वचित असते.

"मला जाळू नको," ती म्हणाली. "चंद्रप्पाच्या बाजूला ठिव. घंटा वाजव."

भागवत दारात उभा होता, त्याने तोंड फिरवलं. पाळकसाहेब तिच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाले, "ठेवीन, आजी. शब्द देतो." मग ती कानडीत प्रभूची प्रार्थना म्हणू लागली आणि ते तिच्याबरोबर मराठीत म्हणू लागले. साखराबाई रडत होती, पण तिचं समाधान झालेलं दिसत होतं.

परत आल्यावर मी त्यांना बसवलं आणि झाडलं. लपवत नाही. शब्द द्यायला काय जातं, म्हटलं. तुम्ही झगा घालून पुढे चालाल, आणि त्याची किंमत एक पोरगी भरेल, जिने तुमचं काही बिघडवलेलं नाही. गुरम्मा देवाकडे जायची ती जाणारच, देवाला लाकूड काय आणि माती काय, सारखंच. पुनमचा फोन लावून दिला. तिने काहीच मागितलं नाही. आजीला त्रास होतोय का एवढंच विचारत राहिली, आणि मग म्हणाली की बाबांनी मला येऊ नको म्हटलंय. मी जे बोलले ते बोलले, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन. पण त्या पोराचं तोंड बघवत नव्हतं.

शेवटी ठरलं ते असं. पाळकसाहेब मातीला येतील, पण झगा नाही, बायबल नाही, साध्या शर्टात, गावातल्या चार माणसांसारखे. मनात काय म्हणायचं ते म्हणतील. मी भागवतला निरोप दिला. तो माझ्यापुढे रडला. सरपंच झाल्यापासून त्याला रडताना मी बघितलं नव्हतं.

गुरम्मा गेली ती शुक्रवारी, सकाळची उन्हं अंगणात आली तेव्हा. भागवतने घाई केली. तिरडी बांधली, गुलाल टाकला, हलगी बोलावली. ज्या बाईने जन्मात कपाळाला काही लावलं नाही तिचं तोंड गुलालाने लाल झालं. पाळकसाहेब मागच्या बाजूला, निळ्या शर्टात, हात बांधून चालत होते. शेषेरावही आला होता. पांढरेशुभ्र कपडे, डोक्यावर टोपी, खांदासुद्धा दिला त्याने. मयताला येऊ नको असं कोण म्हणणार.

स्मशानाची वाट चर्चवरून जाते. आम्ही वळणावर आलो आणि घंटेचा ठोका पडला.

एक ठोका. मग काही नाही. मग दुसरा.

हलगीवाला थांबला. आम्ही शहाण्यांनी सगळं ठरवलं होतं, कपड्यांपर्यंत ठरवलं होतं, आणि साखराबाईला सांगायचं कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. तिला कोण काय सांगणार? ती म्हातारी, तिला विचारायचं काय? तिने मैत्रीण गेल्याचं ऐकलं, पाळकांनी शब्द दिलेला तिने कानांनी ऐकला होता, ती सरळ चर्चमध्ये गेली आणि दोरी धरली. शेजारी उभं राहायला कोणी नव्हतं, आणि दार उघडंच टाकलेलं, त्यामुळे रस्त्यावरून ती सगळ्यांना दिसत होती.

शेषेराव गर्दीतून मागे आला. त्याच्या पुतण्याने मोबाईल वर धरलेला होता. आवाज अगदी अदबीचा.

"पाळकसाहेब, ही घंटा कोनासाठी?"

भागवत तिरडीचा दांडा खांद्यावर घेऊन उभा होता. त्याने मागे वळून बघितलं नाही, पण त्याची मान मला दिसत होती.

पाळकसाहेब म्हणाले, "कोणासाठी नाही. त्या बाईंना वयामुळे भान राहत नाही."

"मंग गुरम्माबाई तुमच्या चर्चच्या न्हाईत?"

"नाही."

"कदीच नव्हत्या?"

"नाही."

घंटा थांबली होती. साखराबाई दोरी हातात धरून दारात उभी होती. तिच्यापासून आम्ही काही लांब नव्हतो. शेषेरावाने हात जोडले, पुतण्याने मोबाईल खिशात घातला, आणि हलगी पुन्हा सुरू झाली. पाळकसाहेबांनी साखराबाईकडे बघितलं का, मला माहीत नाही. मी तरी बघितलं नाही, माझी हिंमत झाली नाही.

गुरम्माला जाळलं. लाकडं ओली होती, फार वेळ लागला. पाळकसाहेब शेवटपर्यंत थांबले. माणसं पांगली, भागवतचे भाऊबंदसुद्धा घरी गेले, तरी ते तिथेच उभे होते. त्यांचे ओठ हलत होते का ते मी नीट बघितलं. हलत नव्हते. रात्री जेवायला आले नाहीत, शनिवारीही आले नाहीत. मी डबा नेऊन दारात ठेवला, तो तसाच परत आणला.

रविवारी मला वाटलं साखराबाई येणार नाही. तिने आपल्या जागेवर बसू नये, मला तिचं तोंड बघायला लागू नये, असंही वाटलं, खरं सांगायचं तर. पण ती आली. चर्च झाडलं, चटया घातल्या, उपासनेची घंटा वाजवली आणि पुढे जाऊन बसली. भागवतकडचं कोणी नव्हतं. आम्ही नेहमीचे म्हातारे, आणि मागे दोन-तीन नवीन माणसं, दारात मोबाईल ठेवून आलेली.

आमच्या मेथडिस्ट लोकांत वार्षिक परिषद असते. तिथे बिशपसाहेब पाळकांच्या बदल्या वाचून दाखवतात, कोणी कुठे जायचं ते. परिषद जवळ आली की उघड्या प्रार्थनेच्या वेळी कोणी ना कोणी उठतं आणि आपल्या पाळकासाठी मागतं. चांगला असला तर आणखी एक वर्ष राहू दे म्हणून. गेल्या वर्षी गुरम्माने मागितलं होतं, कानडीत. आम्हाला शब्द कळले नाहीत तरी काय मागते ते कळलं होतं.

पाळकसाहेबांनी विचारलं, कोणाला प्रार्थना करायची आहे. साखराबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. पदर डोक्यावर नीट घेतला. डोळे मिटले. तिला भान राहत नाही असं त्या क्षणी कोणी म्हटलं नसतं.

"परभू बापा," ती म्हणाली, "आमचा पाळक गरीब लेकरू हाय. लई चांगला हाय. त्यानं काई वाईट म्हून केलं न्हाई, तुला ठाव हाय. माजा बी ल्योक पुन्याला कागदावर दुसराच हाय, आन त्याला बी लेकरं हायेत. मी मरंन तवा लोक असंच इचारतील. तवा याला हितं उभा करू नको. ह्या वर्सीच याची बदली कर. लांब कर. येशूच्या नावानं मागते."

प्रार्थनेच्या शेवटी सगळ्यांनी आमेन म्हणायचं असतं. ते म्हटल्याशिवाय ती पुरी होत नाही, आणि साखराबाई डोळे मिटून वाट बघत उभी होती. आम्ही कोणीच तोंड उघडलं नाही. मी माझ्या चटईकडे बघत बसले.

मग पुढून, वेदीजवळून, पाळकसाहेबच म्हणाले, "आमेन."

साखराबाई खाली बसली.